लाल झेंड्यानंतर

मोटार शर्यतीत मोठा अपघात झाला की स्टँडमधल्या प्रेक्षकाला बहुतेक वेळा तो दिसतच नाही. ट्रॅक पाच-सहा किलोमीटरचा. एका जागी बसलेल्याच्या वाट्याला त्यातले एखाददुसरे वळण येते. बाकीची शर्यत तो मोठ्या पडद्यावर पाहतो आणि ध्वनिक्षेपकावरून ऐकतो. पिवळा झेंडा हलला तर पुढे धोका आहे, दोन पिवळे एकदम हलले तर प्रसंगी थांबायच्या तयारीने गाडी चालवायची, आणि लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली, एवढे त्याला पाठ असते. लाल झेंड्यानंतर इंजिने बंद होतात आणि प्रेक्षक खुणा वाचू लागतो. वैद्यकीय पथकाची गाडी किती घाईने गेली, मार्शलांनी मोडक्या गाडीभोवती पडदे धरले का, हेलिकॉप्टर उडाले का, संघाच्या अभियंत्यांचे चेहरे कसे आहेत.

टीव्हीपुढे बसलेल्याला एक खूण जास्त मिळते. फॉर्म्युला वनच्या प्रक्षेपणात चालक धोक्याबाहेर असल्याची खात्री होईपर्यंत अपघाताची दृश्ये पुन्हा दाखवायची नाहीत, असा संकेत आहे. नेहमी पाहणाऱ्यांना तो इतका ठाऊक झाला आहे, की रिप्ले लांबला की घराघरांत बोलणे बंद होते आणि रिप्ले दिसला की, अपघात कितीही भयंकर असो, जीव भांड्यात पडतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. २८ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. तो जिवंत असल्याचे कळल्यावर मात्र तीच दृश्ये वेगवेगळ्या कोनांतून इतक्या वेळा दाखवली गेली, की पुन्हा शर्यतीला उतरायच्या तयारीत असलेला डॅनियल रिकार्डो उघडपणे चिडला. संकेत पाळला गेला होता, औचित्य नाही. प्रक्षेपण करणाऱ्यांचा हिशेब मात्र पुरता चुकलेला नव्हता. प्रेक्षकाला ते पाहायचे असते आणि पाहिल्याबद्दल त्याला अपराधीही वाटते. चालकाच्या गंभीर दुखापतीवर चाहते जे काही करतात, त्यात या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून मिसळलेल्या असतात.

बातमी उशिरा येणे ही या खेळातली जुनी गोष्ट. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर निकी लाउडाची फेरारी दुसऱ्याच फेरीत बेर्गवेर्क वळणाआधी उधळली आणि पेटली. तो ट्रॅक तेव्हा जवळजवळ २३ किलोमीटर लांब होता, डोंगर-जंगलातून जाणारा. इतक्या लांबीवर सगळीकडे कॅमेरे नव्हते, मदतही वेळेत पोचत नव्हती. म्हणून तर लाउडाने शर्यतीआधी बाकीच्या चालकांना बहिष्कारासाठी गळ घातली होती. ती मानली गेली नाही. आर्तुरो मेर्झारियो, ब्रेट लंगर, गाय एडवर्ड्स आणि हाराल्ड एर्टल या चार चालकांनी त्याला आगीतून ओढून काढले. जगाने पुढे हा अपघात पाहिला तो ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या एका हौशी प्रेक्षकाने ८ मिलिमीटर फिल्मवर टिपलेल्या दृश्यांमुळे. मोबाइल येण्याआधी कितीतरी वर्षे प्रेक्षकाच्या हातातला कॅमेरा या खेळाचा साक्षीदार झालेला होता. फुप्फुसांत विषारी धूर गेलेल्या लाउडाला रुग्णालयात पाद्र्याने मरणासन्नांसाठीची प्रार्थनाही ऐकवली. इटलीतले फेरारीचे चाहते, ज्यांना तिथे ‘तिफोसी’ म्हणतात, बातमीसाठी रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर अवलंबून होते. वाट पाहण्याचे एकक तेव्हा दिवस होते. पुढच्या काळात ते तास आणि मग मिनिटे झाले. घालमेल कमी झाली, असे मात्र नाही.

अमेरिकेत १७ फेब्रुवारी २०२० रोजी ते तास कसे असतात हे दिसले. पावसामुळे रविवारची सोमवारवर गेलेली डेटोना ५०० शर्यत शेवटच्या फेरीत होती आणि रायन न्यूमन आघाडीवर होता. मागच्या गाडीचा धक्का लागून त्याची गाडी भिंतीवर गेली, उलटली, हवेत असताना कोरी लाजॉयच्या गाडीने तिला नेमकी चालकाच्या बाजूने धडक दिली आणि ती छतावर घसरत अंतिम रेषेपलीकडे गेली. मार्शलांनी काळे पडदे धरले. प्रक्षेपण संपले तेव्हा न्यूमन जिवंत आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हते. डेटोनाच्या प्रेक्षकांना या प्रसंगाची जुनी जखम होती. १८ फेब्रुवारी २००१ रोजी याच ट्रॅकवर, याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला होता. सुमारे दोन तासांनी निवेदन आले, की प्रकृती गंभीर आहे, पण जिवाला धोका नाही. दोन दिवसांनी दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडणाऱ्या न्यूमनचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि तोपर्यंत चाललेल्या सगळ्या तर्कवितर्कांना त्या एका चित्राने पूर्णविराम दिला.

मधल्या दोन तासांत चाहत्यांना राग काढायला माणूस हवा होता, आणि तो समोरच होता. विजेता डेनी हॅमलिन. त्याने प्रथेप्रमाणे टायर जाळत जल्लोष केला, संघ नाचला. पलीकडे एकाला मोडक्या गाडीतून बाहेर काढले जात होते. टीका एवढी झाली, की संघमालक जो गिब्ज यांना आपल्याला अपघाताची कल्पनाच नव्हती असे सांगून माफी मागावी लागली. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. गाडीतल्या माणसाला मागे काय घडले ते दिसत नाही, आणि घरी बसलेल्याला चार कॅमेऱ्यांतून दिसते. संतापाचा बराचसा भाग या फरकातून जन्माला येतो, आणि अधिकृत माहिती जितकी लांबते तितका तो फुगतो.

माहितीचा दुष्काळ आणि चाहत्यांचे प्रेम एकत्र आले की काय काय होते, याचे सर्वांत सविस्तर उदाहरण फॉर्म्युला वन चालक ज्युल्स बियांचीचे आहे. ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधले सुझुका. फानफोन नावाचे वादळ किनाऱ्याकडे सरकत होते. भारतात ही शर्यत त्या रविवारी सकाळी साडेअकराला दिसणार होती, म्हणजे तिथे दुपारचे तीन. ऑक्टोबरमधल्या ढगाळ दिवशी शर्यत संपेपर्यंत उजेड कमी होणार हे उघड होते. वेळ बदलली गेली नाही. शर्यत सेफ्टी कारमागे सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. ४२व्या फेरीत डनलॉप वळणावर एड्रियन सुटिलची सॉबर घसरून कठड्यावर गेली. ती उचलायला ट्रॅकच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यात ट्रॅक्टर-क्रेन आली आणि तिथे दुहेरी पिवळे झेंडे हलवले जाऊ लागले. पुढच्याच फेरीत, त्याच जागी, बियांचीची मारुसिया घसरली आणि ताशी १२६ किलोमीटर वेगाने त्या यंत्राच्या मागच्या भागाखाली गेली.

घरच्या प्रेक्षकांना यातले काहीच दिसले नाही. दिसले ते एवढेच, की सुटिलच्या अपघाताच्या जागी वैद्यकीय गाडी जाते आहे, पण सुटिल तर बाजूला उभा आहे. मग कोणासाठी? वेळेच्या तक्त्यावर एक नाव पुढे सरकत नव्हते. जाणत्या चाहत्यांनी त्यावरून ओळखले. लुईस हॅमिल्टन, निको रोझबर्ग आणि सेबास्टियन व्हेट्टेल विजयमंचावर आले, पण शॅम्पेन उडाली नाही. बियांचीला रुग्णवाहिकेतून योक्काइचीच्या रुग्णालयात नेले गेले. मेंदूतल्या तंतूंना सर्वदूर इजा झाल्याचे दोन दिवसांनी कुटुंबाने जाहीर केले. अशी इजा एका जागी नसते, त्यामुळे शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नसते. चाहत्यांनी या इजेचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले आणि आठवडाभरात त्यांच्यातले कित्येक जण त्यावर अधिकाराने बोलू लागले.

अपघाताची अधिकृत दृश्ये बाहेर आली नाहीत, पण स्टँडमधल्या एकाने काढलेली चित्रफीत आली. प्रक्षेपणाचे हक्क असलेल्यांनी ती काढायला लावली तरी ती पुन्हा दुसरीकडून वर यायची. एका गटाचे म्हणणे, ही पाहणे म्हणजे कुटुंबाचा अपमान. दुसऱ्याचे म्हणणे, ही नसती तर काय घडले ते दडपले गेले असते. मग त्या चित्रफितीत अपघाताच्या जागेलगतच्या चौकीवर हिरवा झेंडा हलताना दिसला, आणि मार्शलने चूक केली म्हणून त्याच्यावर तुटून पडणारे निघाले. खुलासा साधा होता. ती चौकी धोक्याच्या जागेच्या पुढची होती. तिथून पुढचा रस्ता मोकळा आहे, हेच हिरवा झेंडा सांगत होता. पण खुलासा पोचेपर्यंत आरोप सगळीकडे फिरून आलेला होता. मार्शल हे या खेळातले बहुतांशी विनामोबदला काम करणारे लोक, आणि दोष शोधणाऱ्या गर्दीच्या तावडीत तेच आधी सापडतात.

पुढची शर्यत आठवड्याभरात रशियातल्या सोचीला होती. चालकांनी हेल्मेटवर ‘आम्ही सगळे ज्युल्ससोबत’ अशा अर्थाची फ्रेंच पट्टी लावली. मारुसिया संघाने बियांचीची गाडी सज्ज करून गॅरेजमध्ये ठेवली आणि शर्यतीत एकच गाडी उतरवली. त्याच वर्षी मोनाकोत नववा येऊन याच पोराने या छोट्या संघाला पहिले दोन गुण मिळवून दिले होते; मागच्या रांगेतल्या संघांच्या चाहत्यांना त्या दोन गुणांचे मोल विजेतेपदाएवढे वाटते. बियांची नऊ महिने बेशुद्धच राहिला. १७ जुलै २०१५ रोजी, २५ वर्षांचा असताना, नीस येथे त्याचा मृत्यू झाला. ग्रां प्रीतल्या अपघाताने चालक दगावण्याची ही १९९४ मधील आयर्टन सेनानंतरची पहिली घटना. त्याचा १७ हा क्रमांक निवृत्त करण्यात आला.

दरम्यान, डिसेंबर २०१४ मध्ये मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाच्या दहा सदस्यीय समितीचा ३९६ पानी अहवाल आला होता. दुहेरी पिवळ्या झेंड्यांखाली बियांचीने पुरेसा वेग कमी केला नाही, असा त्याचा एक निष्कर्ष होता. तांत्रिकदृष्ट्या तो खोटा ठरवणे अवघड, पण जो माणूस आपली बाजू मांडू शकत नाही त्याच्या माथी दोष मारला, अशी चाहत्यांची भावना झाली, आणि ती अजून पुसलेली नाही. त्याच अभ्यासातून २०१५ पासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली. धोक्याच्या वेळी सगळ्या गाड्यांना ठरलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात ट्रॅकचा भाग पार करायला मनाई, म्हणजे वेग किती कमी करायचा हे चालकाच्या मर्जीवर उरले नाही. बियांचीच्या वडिलांनी व कुटुंबाने २०१६ मध्ये महासंघ, संघ आणि व्यावसायिक हक्कधारक यांच्यावर कायदेशीर कारवाईचा मार्ग धरला.

हे प्रकरण चाहत्यांच्या स्मृतीत किती जिवंत आहे ते ९ ऑक्टोबर २०२२ रोजी कळले. तेच सुझुका, तसाच पाऊस. पहिल्याच फेरीत कार्लोस साइन्झ घसरला, सेफ्टी कार आली, आणि सगळ्या गाड्या एकत्र गोळा होण्याआधीच ट्रॅकवर तसलेच उचलयंत्र आले. पाण्याच्या फवाऱ्यातून येणाऱ्या पियेर गास्लीला ते शेवटच्या क्षणी दिसले. तो रेडिओवर संतापून ओरडला. त्यावर वेगाच्या नियमभंगाबद्दल शिक्षा झाली ती त्यालाच, हे आगीत तेल होते. या वेळी कोणाला दुखापत झाली नव्हती, तरी संताप २०१४ पेक्षा मोठा होता, कारण आता चाहत्यांना नेमके काय पाहायचे ते माहीत होते. बियांचीच्या वडिलांनीही जाहीरपणे निषेध केला. महासंघाने चौकशी केली, दोन शर्यत-संचालकांना आळीपाळीने काम देण्याची पद्धत थांबवून उरलेल्या मोसमासाठी एकट्या नील्स विटिख यांच्याकडे जबाबदारी दिली, आणि ट्रॅकवर यंत्र आल्याची सूचना संघांना देण्याची व्यवस्था आखली. चाहत्यांच्या आरड्याओरड्याचे श्रेय किती आणि चालकांचे किती, हे वेगळे काढता येत नाही. आठ वर्षे विषय विसरू न देण्याचे काम मात्र चाहत्यांनी केले.

दोष देण्याच्या वृत्तीची याहून काळी बाजू आहे. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर ज्याच्या गाडीशी त्याची गाडी घासली त्या स्टर्लिंग मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अखेर अर्नहार्टच्या मुलाला पुढे येऊन मार्लिनचा काही दोष नाही, असे सांगावे लागले. जुलै २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनशी टक्कर होऊन मॅक्स व्हर्स्टापेनची गाडी ५१ जी इतक्या जोराने टायरच्या भिंतीवर आदळली. तो तपासणीसाठी रुग्णालयात असताना हॅमिल्टनने जिंकल्याचा आनंद साजरा केला, हे व्हर्स्टापेनला खटकले आणि तसे त्याने म्हटले. पण त्या रात्री समाजमाध्यमांवर हॅमिल्टनला मिळाल्या त्या वर्णद्वेषी शिव्या, आणि त्यांचा अपघाताशी काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात पात्रता फेरीत हॅमिल्टन कठड्यावर गेला तेव्हा स्टँडमधल्या एका भागाने चक्क आनंदाने आरोळ्या ठोकल्या. चालक सुखरूप आहे की नाही हे तेव्हा कोणालाच कळलेले नव्हते. हॅमिल्टनने नाराजी बोलून दाखवली, आणि सिल्व्हरस्टोनला व्हर्स्टापेनची हुर्यो उडवणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकांबद्दलही आपले मत तेच असल्याचे सांगितले. खेळात पक्ष घेणे स्वाभाविक आहे. पण ज्या खेळात हरण्याचा एक अर्थ हाडे मोडणे असा होतो, तिथे प्रतिस्पर्ध्याचे वाईट चिंतण्याला दुसऱ्या खेळांतली निरुपद्रवी मुभा उरत नाही.

चाहत्यांच्या हातात करण्यासारखे काही दिले, तर हीच गर्दी वेगळी वागते. १६ एप्रिल २०१७ रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन पार्कला ब्रिटिश फॉर्म्युला फोर शर्यतीत १७ वर्षांच्या बिली मोंगरची गाडी पुढे जवळजवळ थांबलेल्या गाडीवर मागून आदळली. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. उपचार आणि पुनर्वसनासाठी २ लाख ६० हजार पौंडांचे आवाहन झाले. ते एका दिवसाच्या आत पार झाले आणि रक्कम पुढे आठ लाखांवर गेली. जेन्सन बटनसारखे विश्वविजेते देणाऱ्यांत होते, पण ही शर्यत तोवर नावानेही माहीत नसलेले हजारो लोकही होते. इथे बातमी दडवली गेली नव्हती. काय झाले, किती पैसे लागतील, कशासाठी लागतील, हे कुटुंबाने आणि संघाने पहिल्या काही दिवसांत सरळ सांगितले. मोंगर हातांनी चालवायच्या गाडीत परतला आणि २०१९ मध्ये फ्रान्समधल्या पो शहराची पावसातली शर्यत जिंकला.

पैसा लागत नाही तिथे निशाण, फलक, प्रार्थना चालतात. पोलंडचा रॉबर्ट कुबित्सा ६ फेब्रुवारी २०११ रोजी इटलीत एका छोट्या रॅलीत उतरला होता. लोखंडी कठडा गाडीला आरपार छेदून गेला आणि त्याचा उजवा हात जवळजवळ तुटला; सात तास शस्त्रक्रिया चालली. फॉर्म्युला वनमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला आणि एकमेव पोलिश चालक. त्याच्या देशात ही राष्ट्रीय आपत्ती ठरली. पोप जॉन पॉल दुसरे यांचे माजी सचिव, कार्डिनल द्झिविश यांनी पोपच्या स्मृतिचिन्हाचा अंश त्याच्याकडे पाठवला. कुबित्साच्या हेल्मेटवर पूर्वीपासून या पोपचे नाव असे. २००७ मध्ये माँट्रियलच्या भीषण अपघातातून तो जवळपास विनाइजा बाहेर आला, तेव्हाही पोलंडमधल्या भाविकांनी त्याचा संबंध याच नावाशी जोडला होता. विज्ञानाला यात बोलण्यासारखे काही नाही, पण दूर देशी रुग्णालयात पडलेल्या आपल्या माणसासाठी काय करावे हे न सुचणाऱ्या लाखो लोकांना त्या अंशाने काहीतरी केल्याचे समाधान दिले. तो पुढे आठ वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत नव्हता, तरी पांढरे-तांबडे झेंडे स्टँडमध्ये येत राहिले.

मायकेल शूमाकरच्या बाबतीत हे उलटे घडले. त्याची इजा शर्यतीतली नव्हती. २९ डिसेंबर २०१३ रोजी मेरिबेलला बर्फावर स्कीइंग करताना डोके खडकावर आपटले. ३ जानेवारीला, त्याच्या ४५व्या वाढदिवशी, फेरारीचे चाहते लाल टोप्या-झेंडे घेऊन ग्रनोबलच्या रुग्णालयाबाहेर शांतपणे जमले. पण एक पत्रकार पाद्र्याच्या वेशात आत शिरायचा प्रयत्न करून गेला. कुटुंबाने त्यानंतर प्रकृतीबद्दल बोलणे जवळजवळ बंद केले. त्या मौनाचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. परंतु एवढ्या मोठ्या चाहतावर्गात बातमीची भूक असली की खोटी बातमी विकणारे तयार होतात. २०२३ मध्ये ‘दी आक्टुएले’ या जर्मन साप्ताहिकाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली उत्तरे शूमाकरची ‘मुलाखत’ म्हणून मुखपृष्ठावर छापली. संपादिकेची नोकरी गेली आणि कुटुंबाला दोन लाख युरो भरपाई मिळाली. अंक विकत घेणारे मात्र चाहतेच असणार होते, या हिशेबावरच तो छापला गेला होता.

जखमी चालक परतला की चाहत्यांची शेवटची परीक्षा सुरू होते. अ‍ॅलेक्स झानार्दीचे दोन्ही पाय १५ सप्टेंबर २००१ रोजी जर्मनीतल्या लाउझित्झरिंगवर गेले, तेव्हा त्याच्या शर्यतीच्या १३ फेऱ्या शिल्लक होत्या. मे २००३ मध्ये त्याच ट्रॅकवर, हातांनी चालवायच्या गाडीत, ताशी ३०० किलोमीटरच्या वर जात त्याने त्या १३ फेऱ्या पूर्ण केल्या. प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिली. त्यात कोणाशी स्पर्धा नव्हती, म्हणून ती देणे सोपेही होते. लाउडाला असे सोपे प्रेक्षक लाभले नाहीत. आगीनंतर फक्त सहा आठवड्यांनी, जखमांवर पट्ट्या बांधलेल्या असताना, १२ सप्टेंबर १९७६ रोजी तो मोंझाला उतरला आणि चौथा आला. तिफोसींनी त्याला डोक्यावर घेतले. २४ ऑक्टोबरला फुजीच्या मुसळधार पावसात त्याने दोन फेऱ्यांनंतर गाडी बाजूला घेतली. इंजिन बिघडले असे सांगू, असे फेरारीच्या अभियंत्याने सुचवले, ते त्याने नाकारले. जेम्स हंट एका गुणाने विश्वविजेता झाला, आणि इटलीत सहा आठवड्यांपूर्वीचा वीर भित्रा ठरवला गेला. लाउडाने पुढच्या वर्षी विजेतेपद परत मिळवले आणि मोसम संपण्याआधीच फेरारी सोडली.

कुबित्साच्या पोलिश चाहत्यांकडे अधिक धीर होता. २०१९ मध्ये तो विल्यम्सच्या गाडीत फॉर्म्युला वनला परतला तेव्हा ती गाडी सगळ्यांत मंद होती आणि त्याच्या उजव्या हाताची हालचाल मर्यादित होती. वर्षभरात जर्मनीत मिळालेला एकच गुण त्याच्या खात्यावर जमला, तोही पुढच्या दोन गाड्यांना शिक्षा झाल्यामुळे. हंगेरीत तरी त्याच्यासाठी पोलिश झेंड्यांनी स्टँड भरले. वर्षअखेर ती जागा गेली, आणि तो दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला. जून २०२५ मध्ये त्याने यिफेइ ये आणि फिल हॅन्सन यांच्या साथीने फेरारीच्या ८३ क्रमांकाच्या गाडीतून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. एकूण विजेतेपद मिळवणारा तो पहिला पोलिश चालक आहे.